अण्णांची साईट आणि वरच्या मजल्यावरचा फोन

पुण्यातली नोकरी सोडून मी सोलापुरात परत आले तेव्हा माझ्याकडं एक लॅपटॉप होता आणि एक ठाम समजूत होती. समजूत अशी, की इथल्या दुकानदारांना आणि कारखानदारांना चांगल्या वेबसाईटची फार गरज आहे, फक्त ती त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेली नाही. लॅपटॉप अजून चालतो.

भवानी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानाचं काम माझ्याकडं आलं ते त्या घरच्या सूनबाईंमुळं. त्या माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या. नवरा एमआयडीसीतला कारखाना बघतो, दुकान सासरे बघतात आणि या दोघांच्या मध्ये जे जे उरतं ते सगळं त्या बघतात. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आमची साईट एकदा बघा आणि मग या. न बघता आलात तर तुम्हाला खरं वाटणार नाही."

मी बघितली. साईट उघडली की आधी सनई वाजायची. ती बंद करायचं बटण कुठंच नव्हतं. वरच्या बाजूला दोन समया होत्या, त्यांच्या ज्योती हलायच्या. मध्ये दुकानाच्या संस्थापकांचा, म्हणजे मालकांच्या वडिलांचा फोटो, त्याला चमचमणारा हार. खालून एक ओळ उजवीकडून डावीकडं सरकत जायची, 'आपले सहर्ष स्वागत असो', आणि ती पूर्ण वाचून होईपर्यंत चहा गार व्हायचा. चादरींचे फोटो होते, पण ते एवढे लहान की चौकडा कुठला आणि फुलं कुठली ते कळत नव्हतं. आणि या सगळ्याच्या वर, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल भडक आकड्यांत लँडलाइनचा नंबर.

मला आनंद झाला. इतकी वाईट साईट म्हणजे पटवायला काही लागणारच नाही, असं वाटलं.

मालकांना, म्हणजे सूनबाईंच्या सासऱ्यांना, सगळी पेठ अण्णा म्हणते. वय सत्तरीच्या पुढं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशाला पेन. गादीवर मांडी घालून बसलेले. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि रागावले की दोन्ही. सूनबाईंनी ओळख करून दिली तसे ते म्हणाले, "बसा की. चहा घ्या. साईटचं काय करायचं नाही, पण चहा घ्या."

मी चहा घेतला आणि बोलायला सुरुवात केली. साईट जुनी झाली आहे, असं म्हटलं. अण्णांनी मान हलवली.

"तुमी नवी करून देणार. पाच वर्षांनी तीबी जुनी होणार. व्हय का नाही?"

"हो, पण..."

"मग ही बरी की. ही आधीच जुनी झालीय. आता हिला काय होत नाही."

मी पुण्यात पाठ केलेलं पुढचं वाक्य काढलं.

बोलता बोलता वरच्या मजल्यावर फोन वाजला. जुन्या फोनची ती खणखणीत घंटी. अण्णांनी एक बोट वर केलं, मान जराशी तिरकी केली आणि ऐकत राहिले. तीन-चार वेळा वाजून घंटी थांबली. मग बोट खाली आलं. "हां, बोला." अर्ध्या तासात असं तीनदा झालं. माझं वाक्य दर वेळी मध्येच तुटायचं. माणूस विषय टाळतोय, असा मी अर्थ काढला आणि पुढच्या वेळी जय्यत तयारीनं यायचं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात मी लॅपटॉपवर बारा पानांचं सादरीकरण घेऊन गेले. त्यात डावीकडं जुन्या साईटचे दोष आणि उजवीकडं माझे उपाय होते. एका पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लँडलाइन : कालबाह्य', आणि त्याच्यावर लाल फुली मारली होती. उपाय म्हणून सूनबाईंनी सुचवलेलं व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारी एक खिडकी. त्या फुलीचा मला तेव्हा फार अभिमान वाटत होता.

अण्णांनी चष्मा लावून सगळी पानं बघितली. मोबाईलवर साईट कशी तिळाएवढी दिसते ते मी दाखवलं, तर त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, आणि म्हणाले, "दिसतंय की."

"अण्णा, साईट पटकन उघडली नाही तर लोक वाट बघत नाहीत. निघून जातात."

"ज्याला तेवढं थांबवत नाही, तो चादर काय बघून घेणार? चादर हाताला लागायला पायजे. उलटी करून बघायला पायजे."

शेवटी मी माझा हुकमी पत्ता काढला. नव्या साईटचं चित्र. फिकट बदामी रंगाचा पडदा, त्यावर एका लाकडी स्टुलावर नीट घडी केलेली एकच चादर, आणि बाकी सगळी मोकळी जागा. मी त्यावर आठ दिवस काम केलं होतं. आजही माझं ते सगळ्यात चांगलं काम आहे, असं मला वाटतं.

अण्णांनी ते चित्र जवळ ओढून बघितलं. मग हळूच म्हणाले, "दुकान रिकामं का ठेवलंय?"

"ती मोकळी जागा आहे, अण्णा. डोळ्यांना विश्रांती मिळते."

"माल संपलाय असं वाटतंय की."

समोर कपाटं छतापर्यंत चादरींनी गच्च भरलेली होती. गादीवर चादरी, गादीखाली चादरी, जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्यांवरही टॉवेलांचे गठ्ठे. या दुकानात डोळ्यांनी विश्रांती घ्यावी अशी एकही जागा नव्हती, आणि मालकांना त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. तेवढ्यात वर फोन वाजला. अण्णांचं बोट वर गेलं.

मी लॅपटॉप मिटला. हे काम होत नाही, असं मनाशी धरून निघाले, तर सूनबाई जिन्यातून म्हणाल्या, "जेवायची वेळ झालीय. उपाशी जाऊ नका, वर या."

वर खिडकीपाशी एका दिवाणावर अण्णांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना सगळे अव्वा म्हणतात. पाय लांब सोडलेले, गुडघ्यांना पट्टे, मांडीवर रेघांची एक जाडजूड वही. शेजारच्या स्टुलावर तो फोन होता, विणलेल्या रुमालावर ठेवलेला. त्या फोनवर कन्नडमध्ये बोलत होत्या. मला अर्धंमुर्धं कन्नड कळतं, आजोळ कर्नाटकाच्या सीमेलगत, वळसंगकडचं असल्यामुळं. पलीकडं सीमेपलीकडच्या कुठल्यातरी गावची बाई होती, मुलीच्या लग्नात द्यायला तिला चादरी हव्या होत्या.

"हिरव्या नको घेऊस," अव्वा तिला समजावत होत्या. "थोरलीच्या लग्नात हिरव्या नेल्या होत्यास. व्याही काय म्हणतील, उरलेल्या दिल्या म्हणतील. लाल घे, काठाला मोर हाय. आणि तुझं पथ्य काय चाललंय? गोड बंद केलंस का नाही?"

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं, फोन ठेवला आणि जिन्याच्या दिशेनं खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघा की, लाल मोर बारा बाजूला काढा!" खालून अण्णांचा आवाज आला, "हां!" मग अव्वांनी माझ्याकडं बघून विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. नाही म्हटल्यावर त्यांनी मला स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं.

ज्वारीची कडक भाकरी आणि पुंडीपल्ल्या, म्हणजे अंबाडीची भाजी, एवढं पानात येईपर्यंत फोन आणखी तीनदा वाजला. एकदा त्या मोडक्या तेलुगूत बोलल्या, एकदा दखनी उर्दूत. तिसरा फोन मराठी होता, पण तो माणूस बहुधा पहिल्यांदाच करत होता, कारण अव्वांनी आधी त्याचं गाव विचारलं, मग त्या गावातलं ओळखीचं घर सांगितलं, आणि त्या घरातल्या म्हातारीची चौकशी झाल्यावरच चादरीचा विषय निघू दिला.

"नंबर कुठं मिळाला?" असं त्यांनी शेवटी विचारलं, आणि उत्तर ऐकून माझ्याकडं न बघता वहीत लिहिलं. मी वाकून बघितलं. 'साईट' असं लिहिलं होतं. वरच्या ओळीतही 'साईट'. त्याच्या वर 'जुने', मग परत 'साईट'.

म्हणजे ती वाजणारी सनई, त्या हलत्या समया, ती तिळाएवढी अक्षरं, या सगळ्यातून वाट काढत लोक त्या लाल नंबरापर्यंत पोचत होते. मी बारा पानं लिहून ज्याच्यावर फुली मारली होती, साईटवरची चालणारी गोष्ट तेवढी एकच होती.

हात धुताना सूनबाईंनी हळू आवाजात सांगितलं. आधी अव्वा खाली दुकानातच बसायच्या. बायकांचं गिऱ्हाईक सगळं त्या बघायच्या. गुडघे गेले, जिना बंद झाला, आणि चार महिने त्या खिडकीतून रस्ता बघत बसल्या. कुणाशी बोलेनात, जेवेनात. मग अण्णांनी एक दिवस खालचा फोन उचलला, वायर ओढून वर आणली आणि त्यांच्या शेजारी ठेवला. "मला आता खाली नीट ऐकू येत नाही," एवढंच म्हणाले.

"ऐकू येत नाही?" मी म्हटलं. घंटी वाजली की वर जाणारं ते बोट मला आठवलं.

"सगळं ऐकू येतंय त्यांना," सूनबाई म्हणाल्या. "पण खरं सांगते, मीच तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप टाका म्हणाले होते. दिवसभर बोलून अव्वा दमतात असं मला वाटायचं. अण्णांना ते पटत नव्हतं. फोन हवाच आहे, हे दोघांनाही तोंडानं सांगता येत नाही."

मी खाली आले. अण्णा बारा लाल चादरी मोजून बाजूला ठेवत होते. मी गादीच्या कडेला बसले. यावेळी लॅपटॉप पिशवीतच ठेवला.

"अण्णा, नंबर तसाच राहील."

ते थांबले. "वरती?"

"सगळ्यात वर."

"मोठ्या अक्षरात?"

"मोठ्या."

"लाल?"

बदामी रंगाच्या त्या आठ दिवसांचा मी मनातल्या मनात निरोप घेतला. "लाल," मी म्हटलं.

"मग करा की," अण्णा म्हणाले. "मी कधी नको म्हटलं?"

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी अडलं. साईटच्या आत शिरायचा पासवर्ड घरात कुणाकडंच नव्हता. दर वर्षी नूतनीकरणाचे पैसे बिनबोभाट भरले जात होते, पण आत कुणी कधी गेलंच नव्हतं. पासवर्ड विसरलात का, या बटणावर टिचकी मारली तर निरोप जायचा तो पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या ईमेल पत्त्यावर. तो क्लास बंद पडून कैक वर्षं झाली होती. क्लास चालवणाऱ्या सरांनीच ही साईट केली होती, आणि आता ते उजनी धरणाच्या पाण्याकाठी, आपल्या गावी, केळी लावतात आणि लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, एवढा शोध सूनबाईंनी लावला. नंबरही मिळवला.

मी फोन केला. सरांना फार आनंद झाला. पण पासवर्ड विचारला तसा आवाज एकदम करारी झाला.

"पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो, मॅडम. मीच पोरांना शिकवायचो. तुमी हितं या."

मग काय, मी गेले. पुणे रस्त्यानं निघून, एका फाट्याला वळून, उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत. पाणी बरंच मागं हटलेलं होतं. सर गुडघ्यापर्यंत चिखलात उभे होते. पाणी मागं गेलं की मोटारी त्याच्या मागोमाग सरकवाव्या लागतात, ते काम चाललं होतं. मला बघून ते चिखलातून बाहेर आले, हात पँटला पुसले आणि पहिलं विचारलं ते हे, "चालू हाय अजून ती?"

"चालू आहे, सर."

"दावा की."

मी लॅपटॉप सरांच्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवून साईट उघडली. सनई वाजली. बांधावर बसलेले दोघं-तिघं कुणाचं लग्न म्हणून वळून बघायला लागले. सर त्या समयांकडं एकटक बघत होते.

"ही ज्योत मी हलवली. लई दिवस हलत नव्हती." ते म्हणाले. "आमच्या क्लासातल्या सगळ्या मशीन भंगारात गेल्या बघा. मला वाटलं हीबी गेली असंल." मग मला विचारलं, "आता काढणार का?"

मी हो म्हणायला पाहिजे होतं. त्यासाठीच आले होते. "समई ठेवते," असं माझ्या तोंडून गेलं. सरांनी समाधानानं मान हलवली, इकडंतिकडं बघितलं, बांधावरच्या माणसांपासून मला चार पावलं लांब नेलं, आणि आवाज खाली आणून पासवर्ड सांगितला.

तो दुकानाच्या लँडलाइनचा नंबर होता. पुढं काही नाही, मागं काही नाही. इतकी वर्षं साईटच्या कपाळावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल आकड्यांत जगाला दिसत होता.

"कुणाला सांगू नका," सर म्हणाले. आणि केळीचा एक घड माझ्या गाडीत ठेवून दिला.

नवी साईट पुढच्या महिन्यात उभी राहिली. उभी राहिली म्हणजे, रोज एक वीट अण्णा सांगतील तिथं बसली. संस्थापकांचा फोटो मी 'आमच्याविषयी' या पानावर नेला होता, तो पुढं आला. "वडील आतल्या खोलीत आणि चादरी भायेर, बरं दिसतं का?" फोटो आला तसा हार आला. सरकणारी ओळ आली. फक्त ती मी जरा भरभर पळवली, आणि अण्णांनी दोन वेळा वेग कमी करायला लावला. समया होत्याच. सनईबद्दल मात्र मी हटून बसले. शेवटी असं ठरलं, की एक छोटं बटण असेल, ज्याला ऐकायची त्यानं दाबावं. ते बटण आजवर अण्णांशिवाय कुणी दाबल्याचं मला माहीत नाही. ते रोज सकाळी दुकान उघडल्यावर दाबतात.

माझ्या आग्रहाखातर एक चौकशीचा अर्जही ठेवला होता. नाव, गाव, काय हवं ते लिहा, पाठवा. दोन महिन्यांनी सूनबाईंनी तो उघडून बघितला. त्यात एकच चौकशी होती. ती मी स्वतः, अर्ज चालतो का बघायला, पाठवलेली होती.

पण मोबाईलवर साईट आता स्वच्छ दिसायला लागली, आणि नंबरावर बोट ठेवलं की सरळ फोन लागायला लागला. आणि लोकांनी ठेवलं. पुण्याहून, हैदराबादहून, बेंगळुरूहून तरुण मुलंमुली फोन करायला लागली. त्यांना वाटायचं एखादी कंपनी फोन उचलेल, एक दाबा, दोन दाबा म्हणेल. उचलायच्या अव्वा. "ऊटा आयता?" असं विचारायच्या. बेंगळुरूच्या एका मुलीला म्हणे फोनवरच रडू फुटलं. घर सोडून तिला वर्ष झालं होतं. तिनं दोन चादरी मागवल्या आणि पुढच्या महिन्यात नुसताच फोन केला.

हे ऐकून मी खूश झाले. ते फार दिवस टिकलं नाही. कारण अव्वांनी आता साईट बघायला सुरुवात केली होती. सूनबाईंच्या मोबाईलवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून. आणि दर सोमवारी माझा फोन वाजायला लागला.

"पांढरी चादर काढ तिथनं. मळते. लोकं घेतात आणि मग मला बोलतात."

"अव्वा, पांढरी फोटोत सगळ्यात छान दिसते."

"फोटोवर झोपायचंय का त्यांना?"

पांढरी काढली. पुढच्या सोमवारी टॉवेलाचा रंग खरा दिसत नाही म्हणून परत फोटो काढायला लावले, गच्चीवर, सकाळच्या उन्हात, त्या खिडकीतून सूचना देत असताना. त्याच्या पुढच्या सोमवारी 'दर्जेदार' हा शब्द नको म्हणाल्या. "सगळेच लिहितात. तू लिही, धुतल्यावर आकसते, एक वीत जास्तीची घ्या." मी तेही लिहिलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत गिऱ्हाइकाच्या साईटवर मालाचा दोष मी पहिल्यांदाच लिहिला, आणि फोनवर लोक म्हणायला लागले, तुम्ही खरं सांगता म्हणून घेतोय. अण्णांना पटवायला मी बारा पानं खर्च केली होती. अव्वांनी मला पटवायला एकही पान खर्च केलं नाही.

मध्यंतरी अण्णांच्या ओळखीतल्या एका टॉवेलवाल्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. पेठेतले सगळे व्यापारी जमले होते. अण्णांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. मला वाटलं, काम मिळवून देणार असतील. त्यांनी खरंच माझा हात धरून चार माणसांपुढं उभं केलं आणि ओळख करून दिली.

"ह्या आमच्या साईटवाल्या बाई. पुण्यात शिकून आल्यात, पण हुशार हायत. आमच्या साईटचं काम ह्यांच्याकडंच दिलं. आधी तयारच नव्हत्या. नंबर काढा म्हणत होत्या, समई काढा म्हणत होत्या. महिनाभर मी समजावलं, घरात अव्वानं समजावलं. मग कुठं तयार झाल्या."

चारही व्यापाऱ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. उशिरा का होईना, शहाणपण आलं, असं त्या बघण्यात होतं. टॉवेलवाल्या मालकांनी विचारलं, आमच्या साईटलाबी सनई बसवता येईल का.

माझ्या हातात पेढा होता. मी तो तोंडात टाकला आणि मान डोलावली.